अँटीबॉडीचा रिपोर्ट पाहून मच्छरदाणी काढू नका

मा. संपादक,
स. न.

आपल्या आरोग्यविषयक प्रश्नोत्तरांच्या सदरात गेल्या आठवड्यात एका आईचा प्रश्न होता. मुलाला वनरक्षकाची नोकरी लागली, नेमणूक मलेरियाच्या भामरागड तालुक्यात मिळाली. लहानपणी त्याला दोनदा मलेरिया होऊन गेलाय. तर रक्तातली मलेरियाची अँटीबॉडी तपासली की त्याच्या अंगात प्रतिकारशक्ती आहे की नाही हे कळेल का? उत्तर एका ओळीत उरकलं होतं: मोठ्या लॅबमध्ये ही चाचणी होते, करून घ्या.

चाचणी होते हे खरं आहे. पण त्या आईला जे हवंय ते तिच्यातून कळत नाही, आणि हे कुठेच छापलं गेलं नाही, म्हणून हे पत्र. लांबलं आहे, त्याबद्दल आधीच माफ करा.

मी आरमोरीची. नोकरीची सुरुवातीची वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात जेएसबी रंगाने रंगवलेल्या रक्ताच्या काचपट्ट्यांवर मलेरियाचा जंतू शोधण्यात गेली. पुढची सगळी एका संशोधन प्रयोगशाळेत, हिवतापाच्या जंतूंचं कल्चर (शरीराबाहेर बशीत वाढवलेले जंतू) सांभाळण्यात आणि अँटीबॉडी मोजण्यात. मी डॉक्टर नाही, शास्त्रज्ञ नाही. तंत्रज्ञ आहे. पण शास्त्रज्ञांनी छापलेले आलेख ज्या प्लेटांवरून निघतात, त्या प्लेटा आमच्यासारख्यांच्या हातून धुतलेल्या असतात. त्यामुळे त्या आलेखातला कुठला ठिपका कितपत भरवशाचा, हे आम्हाला जरा जवळून ठाऊक असतं.

आईचा प्रश्न भाबडा नाही, हे आधी सांगते. इतर रोगांत असं उत्तर मिळतं. हिपॅटायटिस बी ची लस घेतलेल्या नर्सचं रक्त तपासा. अँटीबॉडी मिलिलिटरमागे १० मिली-आंतरराष्ट्रीय युनिट किंवा त्याहून जास्त निघाली तर ती सुरक्षित धरतात. रेबीजच्या लसीनंतर ०.५ आंतरराष्ट्रीय युनिट. आकडा बघायचा, फाइलला लावायचा, काम झालं. मलेरियात असा आकडा आजपर्यंत कोणीही ठरवू शकलेलं नाही. साठ-सत्तर वर्षं जगातल्या चांगल्या चांगल्या प्रयोगशाळा त्याच्या मागे आहेत. त्यांचा आळस नडलेला नाही, जंतूच तसा आहे. फॅल्सिपेरमच्या, म्हणजे मलेरियाच्या सर्वात घातक जंतूच्या, अंगात सुमारे ५,३०० जनुकं. डास चावल्यावर तो एका रूपात आत शिरतो, यकृतात दुसरं रूप घेतो, तांबड्या पेशीत तिसरं, आणि डासाकडे परत जाताना चौथं. एका रूपाला ओळखणारी अँटीबॉडी दुसऱ्याला हात लावत नाही. त्यात तांबड्या पेशीवर तो जी प्रथिनं बाहेर काढून ठेवतो, ती दर काही पिढ्यांनी बदलतो.

मग अँटीबॉडीने मलेरिया रोखला जातो हे तरी कशावरून? याचा पुरावा पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात मिळाला. १९६१ साली सिडनी कोहेन, इयन मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या प्रौढांच्या रक्तातलं गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे अँटीबॉडीचा भाग, वेगळा काढला आणि मलेरियाने आजारी असलेल्या लहान मुलांना इंजेक्शनने दिला. काही दिवसांत मुलांच्या रक्तातले जंतू झपाट्याने कमी झाले. ब्रिटनमधल्या लोकांच्या रक्तातलं ग्लोब्युलिन दिलं तेव्हा काहीच फरक पडला नाही. डासाकडे जाणारी जी रूपं असतात, ती मात्र या अँटीबॉडीने हलली नाहीत. आजच्या नैतिकता समितीपुढे हा प्रस्ताव ठेवायला कोणी धजलं असतं की नाही, ते सोडून देऊ. पण त्या एका प्रयोगाने ठरलं की वर्षानुवर्षं डासांचे चावे खाल्लेल्या प्रौढाच्या रक्तात आवर घालणारी अँटीबॉडी असते. तेव्हापासूनचा सगळा खटाटोप एवढाच: हजारो अँटीबॉडींतली ती नेमकी कोणती, आणि माणसाला टोचून न बघता ती काचेत कशी ओळखायची.

मोठ्या लॅबमध्ये जी चाचणी होते ती एलायझा. स्वीडनमध्ये १९७१ साली निघाली आणि १९७४ मध्ये व्होलर आणि मंडळींनी ती प्लेटवर मलेरियासाठी वापरून दाखवली. शहाण्णव खळग्यांची प्लास्टिकची प्लेट घ्यायची. प्रत्येक खळग्यात जंतूचं एखादं प्रथिन घालून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायची, म्हणजे प्रथिन तळाला चिकटतं. सकाळी धुवायची. उरलेली जागा दुधाच्या पावडरीच्या पाण्याने झाकायची (हो, साय काढलेल्या दुधाचीच पावडर, आमच्या फ्रीजवर 'चहासाठी नाही' अशी चिठ्ठी असायची). मग हजारपट पातळ केलेला सिरम (गोठलेल्या रक्तावरचं पिवळसर पाणी, अँटीबॉडी त्यातच असते). पुन्हा धुवा. मग माणसाच्या अँटीबॉडीला चिकटणारी, एन्झाइम जोडलेली दुसरी अँटीबॉडी. पुन्हा धुवा. शेवटी रंग येणारं द्रावण आणि रंग थांबवायला सल्फ्युरिक आम्ल. रंग किती गडद ते मोजणारं यंत्र, रीडर, जो आकडा देतं त्याला आम्ही ओडी म्हणतो.

हा ओडी म्हणजे काय? तर त्या एका प्रथिनाला चिकटणारी अँटीबॉडी या माणसाच्या रक्तात आहे, इतकंच. हजेरीपटावर सही आहे. त्या माणसाने दिवसभरात काम काय केलं ते त्यात लिहिलेलं नसतं.

आणि ती सहीसुद्धा खरी की खोटी, हा वाद असतोच. पॉझिटिव्ह कोणाला म्हणायचं? रीत अशी की मलेरिया कधीच न झालेल्या लोकांचे सिरम घ्यायचे, त्यांच्या ओडीची सरासरी काढायची, तीत तीन प्रमाण विचलनं मिळवायची. त्या रेषेच्या वर तो पॉझिटिव्ह. युरोपातल्या लॅबला हे सोपं आहे. रक्तपेढीत जायचं आणि पिशव्या आणायच्या. आपल्याकडे मलेरिया 'कधीच न झालेला' माणूस शोधून दाखवा. लहानपणीचा थंडीताप कोणाच्या लक्षात असतो? असे सिरम आम्हाला बाहेरून मागवावे लागायचे, आणि बाहेरच्या रक्ताशी तुलना करून इथल्यांची रेष आखायची हे मला तेव्हाही पटायचं नाही. शिवाय एका लॅबचा ओडी दुसऱ्या लॅबच्या ओडीशी जुळत नाही. प्लेट वेगळी, प्रथिन बनवण्याची पद्धत वेगळी, धुण्याचा हात वेगळा. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने केनियातल्या, मलेरियाग्रस्त भागातल्या लोकांचं रक्त एकत्र करून एक संदर्भ सिरम ठरवून दिलाय. त्याला १०० युनिट मानायचं आणि बाकीच्यांना त्याच्याशी ताडायचं. यामुळे दोन लॅब एकमेकींशी बोलू लागल्या. पण १०० युनिट म्हणजे संरक्षण, असं त्या बाटलीवर कुठेही लिहिलेलं नाही.

एलायझाने एवढंच कळतं म्हटल्यावर दुसरी वाट धरावी लागते. जिवंत जंतू घ्यायचा, त्याच्या अंगावर अँटीबॉडी सोडायची आणि तो वाढतो की मरतो ते बघायचं. माझं निम्मं आयुष्य यात गेलं, म्हणून इथे जरा थांबते.

१९७६ पर्यंत फॅल्सिपेरम शरीराबाहेर सतत वाढवताच येत नव्हता. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ट्रेगर आणि जेन्सन यांनी ते जमवलं, आणि ज्या साधनाने जमवलं ते ऐकून नवी मुलं हसतात. काचेचं झाकणाचं भांडं, त्यात जंतूच्या बश्या आणि एक पेटती मेणबत्ती. झाकण लावायचं, मेणबत्ती विझली की आतला ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त झालेला असतो, आणि जंतूला तेच मानवतं. मग भांडं ३७ अंशांवर. आमच्याकडेही अनेक वर्षं गॅसच्या सिलिंडरपेक्षा मेणबत्तीवरच भिस्त होती. जंतूला खायला ताज्या तांबड्या पेशी लागतात, त्याही शक्यतो ओ गटाच्या. त्यामुळे ओ पॉझिटिव्ह असलेला नवा मुलगा रुजू झाला की त्याचं आमच्याकडे जरा जास्तच स्वागत व्हायचं. मीडिया, म्हणजे जंतू ज्यात वाढतात ते पोषक द्रावण, रोज बदलावा लागतो. कल्चरला रविवार नाही, दिवाळी नाही. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान उरकून फराळाच्या आधी लॅबला जाऊन आलेल्या बायका आमच्या पिढीत पुष्कळ सापडतील.

तर चाचणी अशी. जंतूचं एक चक्र ४८ तासांचं. सगळे एका वयाचे हवेत, म्हणून सॉर्बिटॉलच्या द्रावणातून काढतात; त्यात मोठे जंतू असलेल्या पेशी फुटतात आणि लहान तेवढे उरतात. ते वाढून पक्व होत आले की त्यांच्यात अँटीबॉडी घालायची आणि चाळीसएक तास वाट पाहायची. या काळात पेशी फुटतात, आतली पिल्लं बाहेर पडतात आणि नव्या पेशीत शिरतात. शिरण्याचा हा कारभार एखाद-दोन मिनिटांत आटपतो. अँटीबॉडीला जे करायचं ते त्याच फटीत करायचं असतं. शेवटी जंतूचं स्वतःचं एक एन्झाइम, लॅक्टेट डिहायड्रोजनेज, मोजून किती जंतू उरले ते काढतात. अँटीबॉडीशिवाय वाढलेले १०० धरले आणि अँटीबॉडीबरोबर ३० च वाढले, तर रोध ७० टक्के. 'ग्रोथ इन्हिबिशन असे', म्हणजे वाढ रोखण्याची चाचणी, या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून सगळे तिला 'जीआयए' म्हणतात, मीही म्हणते.

ऐकायला सरळ आहे. करायला बसलं की खाचखळगे दिसतात. रुग्णाचा सिरम तसाच घातला आणि त्याने आदल्या दिवशी गोळ्या खाल्ल्या असल्या, तर जंतू औषधाने मरतात आणि श्रेय अँटीबॉडीला मिळतं. म्हणून सिरममधून अँटीबॉडी वेगळी करून, धुऊन घ्यावी लागते. दात्याचा रक्तगट आणि बशीतल्या पेशींचा रक्तगट जमला नाही तर पेशींच्या गुठळ्या होतात आणि जंतू उगाचच कमी दिसतात. म्हणून आधी जंतू नसलेल्या पेशींवर अँटीबॉडी शोषून घ्यायची. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मात्रा. माणसाच्या रक्तात एकूण आयजीजी अँटीबॉडी मिलिलिटरला साधारण १० मिलिग्रॅम असते. कोणी चाचणी १० ला करतो, कोणी अडीचला. '८० टक्के रोध' असं वाचलं की माझा पहिला प्रश्न असतो, किती मिलिग्रॅमला? बातमीत हे कधी नसतं.

दुसरा प्रश्न, कुठल्या जंतूविरुद्ध? जगभरच्या लॅबमध्ये जो सर्वात जास्त वाढवला जातो तो ३डी७ नावाचा वाण. त्याचा मूळ जंतू हॉलंडमध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या विमानतळाजवळ राहणाऱ्या, देशाबाहेर कधी न गेलेल्या एका रुग्णाच्या रक्तातला. विमानातून आलेल्या डासाचा प्रताप. हा जंतू गुणी आहे, बशीत छान वाढतो. पण भामरागडच्या जंगलातला जंतू म्हणजे तो नव्हे. यातून काय होतं ते मालीमध्ये दिसलं. तिथे मुलांना ३डी७ च्या एएमए-१ या प्रथिनाची लस दिली गेली. निकाल २०११ मध्ये आले. एकंदर मलेरियाविरुद्ध उपयोग १७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ नाहीच. पण ज्या जंतूंचं एएमए-१ लसीतल्याशी जुळत होतं तेवढेच वेगळे काढले, तेव्हा ६४.३ टक्के. अँटीबॉडी झाली होती, कामही करत होती. समोर आलेला जंतू दुसरा होता.

आणि आता तो प्रयोग, ज्यामुळे आमच्या जीआयएचा तोरा उतरला. १९९० च्या सुमारास पाश्चर संस्थेच्या पिएर ड्रुइल यांच्या गटाने आणि थाई डॉक्टरांनी गांबियासारखाच प्रयोग पुन्हा केला. आयव्हरी कोस्टच्या प्रौढांची अँटीबॉडी थायलंडमधल्या रुग्णांना दिली. जंतू उतरले. तीच अँटीबॉडी, त्याच बाटलीतली, काचेत जंतूवर घातली, तर जंतू मजेत वाढत राहिले! रुग्णाच्या अंगात काम करणारी वस्तू बशीत काहीच करत नव्हती. मग त्यांनी बशीत मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशीही घातल्या, आणि तेव्हा जंतूंची वाढ रोखली गेली. म्हणजे ही अँटीबॉडी जंतूला स्वतः अडवत नाही. ती त्याला चिकटते, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला धरून पांढरी पेशी पुढचं काम करते.

या एका निकालाने चाचण्यांची नवी रांगच सुरू झाली. जंतूला अँटीबॉडी लावून ते किती गिळले जातात ते प्रयोगशाळेत वाढवलेल्या मोनोसाइट पेशींमध्ये मोजायचं. न्यूट्रोफिल पेशी जंतूवर ऑक्सिजनचा मारा करतात, त्याची चमक मोजायची. रक्तातलं कॉम्प्लिमेंट, म्हणजे जंतूला भोकं पाडणारी प्रथिनांची साखळी, अँटीबॉडी बोलावते की नाही ते बघायचं. केनियात किलिफी इथे फेथ ओसिएर यांनी मुलांच्या रक्तावर असं बरंच काम केलं. त्यांचं २००८ सालचं एक निरीक्षण मला फार महत्त्वाचं वाटतं: एखाद्या प्रथिनाविरुद्धची अँटीबॉडी भरपूर असणं पुरत नाही, अनेक प्रथिनांविरुद्ध एकाच वेळी भरपूर असली तर मुलं कमी आजारी पडतात. पुढे गिळण्याच्या चाचणीचाही संरक्षणाशी संबंध दिसला. पण हे सगळं शेकडो मुलांच्या गटाबद्दल खरं. त्यातल्या एका मुलाचा कागद हातात घेऊन, 'याला यंदा ताप येणार नाही' असं ओसिएरही म्हणणार नाहीत. शिवाय या चाचण्यांना जिवंत पेशी लागतात. दात्याच्या पेशी आज एक वागतात, महिन्याने दुसरं. मोठ्या लॅबच्या दरपत्रकात या चाचण्या तुम्हाला सापडणार नाहीत.

अपवाद म्हणावा इतकी स्वच्छ गोष्ट एकच माझ्या माहितीत आहे, ती गरोदरपणातल्या मलेरियाची. फॅल्सिपेरमचा एक प्रकार वारेत (प्लासेंटात) जाऊन बसतो, तिथल्या कॉन्ड्रॉइटिन सल्फेट ए या रेणूला चिकटून. फ्राइड आणि डफी यांनी १९९६ मध्ये हे दाखवलं. पहिलटकरणीला धोका सर्वात जास्त, पुढच्या खेपांना कमी होत जातो. प्लेटला तो रेणू लावायचा, जंतू चिकटू द्यायचे आणि सिरम घातल्यावर किती कमी चिकटतात ते मोजायचं. मलेरियाच्या गावात दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईचा सिरम त्यांना चिकटू देत नाही, आणि त्याच गावातल्या पुरुषाचा सिरम, आयुष्यभर तेच डास चावलेले असूनही, काही करत नाही. कारण त्याला वारच नाही, तो जंतू त्याच्या अंगात कधी तिथे बसलाच नाही. सरसकट 'मलेरियाची प्रतिकारशक्ती' अशी एक वस्तू नसते, हे यापेक्षा चांगलं कोण सांगेल?

मलेरियाचा दुसरा जंतू व्हायव्हॅक्स, आपण ज्याला पीव्ही म्हणतो, त्याचं तर कल्चरच सतत चालत नाही. त्याला कोवळ्या तांबड्या पेशी लागतात आणि त्या पुरवता पुरवता माणूस थकतो. म्हणून त्याचं प्रथिन नोलेसी या माकडांच्या जंतूत बसवून चाचणी करतात. पीव्हीबद्दल इथे इतकंच; त्या मुलाच्या उपयोगाचं ते खाली सांगते.

मागच्या वर्षी, २०२५ च्या जुलैत, आपल्याच पानांवर आयसीएमआरच्या अ‍ॅडफॅल्सिव्हॅक्स या मलेरियाच्या लसीची बातमी होती; भुवनेश्वरच्या केंद्रातली. त्या लसीत डासाकडे जाणाऱ्या रूपाविरुद्धही अँटीबॉडी तयार व्हावी असा बेत आहे. ही अँटीबॉडी मोजायची पद्धत अगदी वेगळी. काचेच्या छोट्या पेल्यात कोमट रक्त, त्यात जंतूची नर-मादी रूपं आणि अँटीबॉडी. खाली ताणलेला पातळ पडदा, आणि पडद्याखाली उपाशी ठेवलेल्या अ‍ॅनॉफिलिस डासांच्या माद्या. बहुतेक वेळा स्टीफन्साय जातीच्या, म्हणजे मुंबईच्या गच्चीवरच्या टाक्यांत वाढणाऱ्याच. आठवडाभराने एकेकीचं पोट सूक्ष्मदर्शकाखाली उघडून मर्क्युरोक्रोमने रंगवायचं आणि त्यावरचे फुगे मोजायचे. डोळे जातात. या चाचणीत शंभर गुण मिळवलेली अँटीबॉडीसुद्धा ज्याच्या अंगात आहे त्याला तापापासून वाचवत नाही; ती त्याच्यापासून शेजाऱ्याला वाचवते. बातमीत हे एका वाक्यात सांगता आलं असतं.

पुण्याच्या लसीबद्दल लोक मला नेहमी विचारतात. सेरम इन्स्टिट्यूट बनवते ती मलेरियाची आर२१ लस ऑक्सफर्डची. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शिफारस केली. बुर्किना फासो, माली, केनिया आणि टांझानियातल्या ५ ते ३६ महिन्यांच्या मुलांवरच्या चाचणीत पहिल्या वर्षी तापाच्या घटना, मोसमी मलेरियाच्या भागात ७५ टक्के आणि वर्षभर मलेरिया असलेल्या भागात ६८ टक्के कमी झाल्या. तिने होणारी अँटीबॉडी डास सोडतो त्या पहिल्या रूपाच्या एका प्रथिनाविरुद्ध, त्यातही त्या प्रथिनाच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या एका तुकड्याविरुद्ध मोजतात. ती जास्त तर संरक्षण जास्त, असा कल दिसतो. तरीही 'इतके युनिट झाले की झालं' अशी रेष नाही. आणि ही लस वनरक्षकाच्या वयाच्या माणसासाठी नाही, आपल्या लसीकरणाच्या वेळापत्रकातही नाही.

आकड्याशी सर्वात जवळ जाता आलं ते परत मालीत, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात. तिथे प्रौढांना त्याच प्रथिनाविरुद्ध प्रयोगशाळेत बनवलेली एकच एक अँटीबॉडी शिरेतून दिली. किलोमागे ४० मिलिग्रॅमच्या मात्रेने सहा महिन्यांत संसर्ग ८८.२ टक्क्यांनी रोखला, १० मिलिग्रॅमने ७५ टक्के. गांबियाच्या प्रयोगाचीच ही नात म्हणायची. पण यात अँटीबॉडी एकच होती, ती कुठे चिकटते ते माहीत होतं, किती दिली ते माहीत होतं. त्या आईच्या मुलाच्या रक्तात काय काय आहे, लहानपणच्या दोन तापांनी त्यातलं किती मागे ठेवलंय, आणि मधल्या वर्षांत किती विरलंय, यातलं काहीच आपल्या हातात नाही. सतत डास चावत राहिले तरच ही शक्ती टिकते. आफ्रिकेतून युरोपात जाऊन राहिलेली माणसं काही वर्षांनी गावी परततात तेव्हा आजारी पडतात, हे डॉक्टरांना चांगलं माहीत आहे.

आता त्याहून साधी पण रोज घडणारी गोष्ट. आमच्या भागातल्या एका शहरातल्या लॅबने माझ्या शेजारच्या सुनेला ताप असताना 'मलेरिया अँटीबॉडी' चं कार्ड करून पॉझिटिव्ह दिलं आणि घरात रडारड झाली. मी काचपट्टी करायला लावली. जंतू नव्हता, पुढे ताप टायफॉइडचा निघाला. अँटीबॉडीचं कार्ड मागच्या वर्षीच्या मलेरियानेही पॉझिटिव्ह येतं. उलट, पहिल्यांदाच मलेरिया झालेल्याच्या अंगात अँटीबॉडी तयार व्हायला दिवस लागतात, म्हणून तापाच्या पहिल्या दिवसांत ते निगेटिव्हही येऊ शकतं. म्हणजे दोन्हीकडून फसवतं. आशाताईंकडचं आरडीटी कार्ड, म्हणजे झटपट तपासणीचं, दिसायला तसंच असलं तरी ते अँटीबॉडी बघत नाही, जंतूचं प्रथिनच पकडतं. त्याचीही एक खोड आहे: पीएफ, म्हणजे फॅल्सिपेरमचा मलेरिया, बरा झाल्यावरही काही आठवडे रेघ येऊ शकते. पण ताप आलेल्याने करायची चाचणी तीच, किंवा काचपट्टी. 'अँटीबॉडी' लिहिलेलं कार्ड कोणी पुढे केलं तर सरळ नाही म्हणावं आणि पैसे वाचवावेत.

तेव्हा त्या ताईंसाठी उत्तर, जमल्यास त्याच सदरात छापा. चाचणी करू नका. मुलाबरोबर औषध लावलेली मच्छरदाणी द्या, जंगलात मुक्काम पडला तरी ती लावायला सांगा, आणि मुक्कामाआधी प्रतिबंधक गोळ्यांबद्दल जिल्हा हिवताप कार्यालयात विचारायला सांगा. ताप आला तर 'मला लहानपणी होऊन गेलाय, आपोआप उतरेल' म्हणत बसू नये. त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावं. पीएफ निघाला तर तीन दिवसांचा कोर्स पुरता करावा. पीव्ही निघाला तर प्रायमाक्विनच्या १४ दिवसांच्या गोळ्या बरं वाटलं म्हणून चौथ्या दिवशी सोडू नयेत. यकृतात लपून राहिलेल्या जंतूपर्यंत त्याच्या अंगातली कुठलीच अँटीबॉडी पोचत नाही. या गोळ्यांआधी जी-सिक्स-पीडीची तपासणी झाली आहे का, तेही विचारावं; रक्तातलं हे एन्झाइम कमी असलं तर या गोळ्या सोसत नाहीत.

आणि आपल्या वार्ताहरांना एक विनंती. यापुढे अँटीबॉडी सापडल्याची बातमी आली की तीन गोष्टी विचारून घ्या: कुठल्या प्रथिनाविरुद्ध, नुसती चिकटते की जंतूला रोखते, आणि रोखत असेल तर किती मात्रेला व कोणत्या वाणाला. शास्त्रज्ञ ही माहिती आनंदाने देतात. सहसा त्यांना कोणी विचारतच नाही.

पत्र कापावं लागलं तर गांबिया आणि डासांची पोटं खुशाल काढा. कार्डाचा आणि गोळ्यांचा परिच्छेद तेवढा ठेवा.

आपली नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
आरमोरी, जि. गडचिरोली
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)